पहिल्या शेतकऱ्यांचे देव आणि आपण



दीक्षा घेतल्यावर प्रत्येक घरात एक दिवस असा येतो, की देव्हारा रिकामा करावा लागतो. बावीस प्रतिज्ञा तोंडाने म्हणणे त्यामानाने सोपे असते. पण कोनाड्यातला शेंदूर माखलेला तांदळा, आजेसासूपासून चालत आलेले टाक, जोगव्याची परडी, हे सारे उचलायची वेळ आली, की घरात कोणी कोणाशी बोलत नाही. तरुण मुलगा म्हणतो, 'हा सगळा अडाणीपणा आहे, टाकून द्या एकदाचा.' म्हातारी गप्प बसते. आणि अलीकडे तिसराही एक आवाज ऐकू येऊ लागला आहे. चार पुस्तके वाचलेला एखादा पाहुणा म्हणतो, 'अहो, हे देव ब्राह्मणांचे नव्हेत. हे वेदांच्याही आधीचे, आपल्या मूळ पूर्वजांचे. हे कशाला टाकता?'

या दोन्ही बोलण्यांनी माझे समाधान होत नाही. पहिल्यात आपल्याच माणसांविषयी तुच्छता आहे. दुसऱ्यात मागच्या दाराने पुन्हा हात जोडण्याची सोय आहे. प्रश्न असा आहे, की ज्या खुणांची पूजा आपण सोडली, त्या खुणा घडवणाऱ्या आणि पुजणाऱ्या माणसांशी आपले नाते कोणते? त्यांना मूर्ख ठरवायचे, की प्राचीन म्हणून त्यांच्या देवांपुढे वाकायचे? याचे उत्तर पोथीत सापडणार नाही. कारण ज्यांच्याविषयी आपण बोलत आहोत त्यांना लिहिता येत नव्हते. त्यांचे जे काही सांगणे आहे ते मातीत पुरलेले आहे. तेव्हा आधी ती माती पाहू.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. आपल्याला ते फार परके नाही. घोड नदी भीमेला मिळते आणि आपल्या माण तालुक्यातून, पुढे आटपाडीवरून वाहत जाणारी माणगंगाही शेवटी भीमेलाच मिळते. त्या इनामगावच्या पांढरीत पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत खोदकाम केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर, डॉ. झै. दा. अन्सारी अशा मोठ्या संशोधकांनी हे काम केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षे तेथे शेतकऱ्यांचे गाव नांदले. तांबे आणि दगड दोन्ही वापरणारे हे लोक. त्यांची तांबडी, काळ्या रेघांची भांडी संगमनेरजवळच्या जोर्वे गावी प्रथम ओळखली गेली, म्हणून त्यांना जोर्वे संस्कृतीचे लोक म्हणतात. ते बार्ली म्हणजे जव पिकवीत, गहू, मसूर, हुलगा पिकवीत, गाई-बैल, शेळ्या-मेंढ्या पाळीत. लोखंड त्यांना बहुतेक काळ ठाऊक नव्हते. वर्ण, जात, वेद, पुराण यांपैकी कशाचीही खूण त्यांच्या गावात सापडत नाही.

तेथे एका घराच्या कोपऱ्यात, जमिनीखाली, एक लंबगोल मातीची पेटी सापडली. तिला झाकण होते. पेटीत एका स्त्रीची कच्च्या मातीची मूर्ती. तिच्याबरोबर आणखी एक स्त्रीमूर्ती होती, आणि तिला डोकेच नव्हते. डोके मोडून पडलेले नव्हे; मुळात घडवलेलेच नव्हते. स्तन मात्र ठळक केलेले. जवळ मातीचा एक बैल. त्या बिनडोक्याच्या मूर्तीच्या पोटाला एक भोक आणि बैलाच्या पाठीला एक भोक, म्हणजे काडी घालून ती बैलावर बसवता येत असे. ही सारी मूर्तिकामे न भाजलेली. ज्यांनी सुंदर भाजलेली मडकी घडवली, त्यांना मूर्ती भाजता येत नव्हती असे कोण म्हणेल? ती टिकावी अशी त्यांची इच्छाच नसावी. काही कामापुरती घडवायची, काम झाले की मातीला परत द्यायची. हे काम बाळंतपणाचे, लेकरांच्या रक्षणाचे असावे असा संशोधकांचा तर्क आहे.

तो तर्क का पटतो, ते त्याच घरांच्या जमिनीखाली कळते. इनामगावात दोनशेहून अधिक दफने सापडली आणि त्यांत बहुतेक लहान मुलांची आहेत. मूल गेले, की घरातच किंवा अंगणात खड्डा घ्यायचा, दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, त्यांच्या आत ते लेकरू. शेजारी एखादी वाटी, एखादी तोटीची झारी. मूल गावाबाहेर नेऊन टाकलेले नाही. आई जिथे दळते, स्वयंपाक करते, निजते, त्याच्याच खाली ते आहे.

वाचकहो, आता क्षणभर त्यांच्या ठिकाणी उभे राहून पाहा. ज्यांना वैद्यक माहीत नाही, जंतू माहीत नाहीत, त्यांनी आयुष्यभर एकच मोठा चमत्कार डोळ्यांनी पाहिलेला आहे. तो म्हणजे बी. धान्य मडक्यात ठेवले, मातीत घातले, ते नाहीसे झाले, आणि पाऊस पडल्यावर वर आले. मग लेकरालाही मडक्यात घालून मातीत का ठेवू नये? दोन मडकी तोंडाला तोंड लावली, की आकार गर्भाशयाचाही होतो आणि शेंगेचाही. त्यांच्या मनात नेमके काय होते हे त्यांनी लिहून ठेवलेले नाही, हा माझा अंदाज आहे. पण जगाची रचना समजून घेण्यासाठी त्यांच्याजवळ शेताखेरीज दुसरे कोणते पुस्तक होते? पृथ्वी म्हणजे पोट, पाऊस म्हणजे बीज, मरण म्हणजे पेरणी, असेच त्यांचे विश्व असणार. डोके नसलेल्या आईचा अर्थही मला यातच दिसतो. जमिनीला चेहरा कुठे असतो?

आपल्या घरात याच्या खुणा दिसतात का? दिसतात. तांदळ्यालाही नाक-डोळे नसतात. घटस्थापनेला मातीत घट बसवून भोवती धान्य पेरतात. आणि मूल जन्मल्यावर पाचव्या रात्री सटवाईसाठी पाटा-वरवंटा पुजतात. धान्य भरडण्याचा दगड हे तर शेतकरी माणसाचे पहिले अवजार. इनामगावच्या घरांतूनही असे दगड सापडले आहेत. पुष्कळ घरांत त्या रात्री पाट्याजवळ कोरा कागद आणि लेखणीही ठेवतात, सटवाई येऊन बाळाचे नशीब लिहिते म्हणून. ज्या घरात चार पिढ्या कोणाला अक्षर शिकू दिले गेले नाही, त्या घरातही नशीब लिहायला लेखणी ठेवली जाई, हे मला शाळेत फळ्यापुढे उभा असताना कधी कधी आठवते.

तरीही येथे एक सावधगिरी हवी. इनामगावची आई आणि आपली सटवाई यांच्यामध्ये जवळजवळ तीन हजार वर्षांचे अंतर आहे. सारखेपणा दिसला म्हणजे वारसा सिद्ध झाला असे नव्हे. आचार्य धर्मानंद कोसंबींचे चिरंजीव, गणिती आणि इतिहासकार डी. डी. कोसंबी, पुण्याच्या परिसरात पायी हिंडून देवींच्या ठाण्यांभोवती अश्मयुगीन हत्यारांच्या बारीक छिलक्या वेचीत असत. अशी कित्येक ठाणी फार जुन्या पायवाटांवर आणि तिठ्यांवर आहेत, असे त्यांनी १९६२ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात दाखवले. ठिकाण जुने असू शकते. पण त्या ठिकाणी पुजणाऱ्याच्या मनातला अर्थ दर चार पिढ्यांनी बदलत गेलेला असतो.

आणि हे काही फक्त आपल्याच मातीत घडलेले नाही. तुर्कस्तानात चातालहोयुक नावाचे सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीचे शेतकऱ्यांचे गाव १९६१ पासून खोदले गेले. तेथेही मृत माणसे घरांच्या जमिनीखाली पुरलेली आहेत, घरांत बैलांची शिंगे बसवलेली आहेत, स्त्रीमूर्ती आहेत, आणि काही सांगाड्यांची डोकी काढून घेतलेली आहेत. त्या लोकांची आणि इनामगावकरांची कधी गाठ पडलेली नाही. पेरणी करणाऱ्या माणसाला सगळीकडे तीच भीती पडली आणि सगळीकडे जवळजवळ तेच सुचले. मात्र तेथे पुढे खोदकाम करणाऱ्यांनी हेही सांगितले, की मूर्तींत जनावरेच अधिक आहेत, तेव्हा सारे गाव एका महामातेचे भक्त होते असे म्हणणे घाईचे होईल. तेव्हा 'आमचा मूळ धर्म मातृदेवतेचा' असे छातीठोक सांगणाऱ्या पाहुण्याला एवढेच विचारावे, की मग हा 'आमचा' शब्द कोणाकोणाला धरून आहे?

आता बैलाकडे वळू, कारण येथे गोष्ट आपल्या अंगाला येऊन भिडते.

कृष्णा आपल्या कराड-सांगलीवरून वाहत खाली जाते, तेव्हा रायचूर, बळ्ळारी आणि तेलंगणाच्या बाजूला राखेच्या प्रचंड टेकड्या लागतात. फार काळ कोणाला त्यांचे कोडे उलगडत नव्हते. उटनूर येथे १९५७ साली रेमंड ऑल्चिन यांनी खोदून दाखवले, की नवाश्मयुगातल्या गुराख्यांचे ते गोठे होते. शेणाचे ढीग साचायचे आणि ते पुन्हा पुन्हा पेटवले जायचे. ही आग नुसती अपघाताची नसून सणाची, गुरांच्या भल्यासाठी लावलेली असावी, असे ऑल्चिन यांचे मत होते. आपल्या गावात होळीला गोवऱ्या रचतात तेव्हा ही राख आठवावी. इनामगावात बैल मूर्तीत आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबादला १९७४ साली झाडाच्या मुळाशी खणताना एका भिल्ल गावकऱ्याला तांब्याच्या चार वस्तू सापडल्या, मिळून साठ किलोंहून जड. हत्ती, गेंडा, रेडा, आणि दोन बैलांचा रथ हाकणारा पुरुष. एवढा मान बैलाला होता. आणि गंमत पाहा, त्याच इनामगावच्या उकिरड्यात गुरांची हाडे ढिगांनी मिळाली, त्यांवर सुरीचे घाव आहेत. म्हणजे बैलाची मूर्ती करणारे हात बैलाचे मांसही कापीत होते, आणि त्यावरून कोणी कोणाला गावाबाहेर घातल्याची खूण नाही.

पुढे काय झाले ते आपल्या आजोबांनी सोसले. आषाढात बेंदूर आला, की बैलाच्या शिंगांना हिंगूळ, बेगड, पाठीवर झूल, पुरणपोळीचा घास. तोच बैल मेला, की ओढून न्यायला महारवाड्याला हाक. पुजायला एक, ओढायला दुसरा. ज्याने पुजले तो पवित्र राहिला आणि ज्याने ओढले तो विटाळला. महाडला मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांनी मृत मांस सोडा असे बजावले, ते या व्यवस्थेच्या मुळावर घाव घालण्यासाठी. तेव्हा प्रतीक कितीही जुने, कितीही निसर्गाच्या जवळचे असो, त्याने माणसामाणसांत न्याय उपजत नाही. बैल तोच राहिला आणि त्याच्याभोवतीचा समाज सडत गेला.

मग त्या आदिकाळी तरी समता होती काय? असे मानायला मलाही आवडले असते. पण इनामगावची माती तसे सांगत नाही. तेथे प्रौढ माणसांना पुरताना डोके उत्तरेला, पाय दक्षिणेला करीत, आणि पाय घोट्याखाली तोडून टाकीत. मेलेला माणूस उठून चालू लागू नये, किंवा घर सोडून जाऊ नये, म्हणून. दक्षिणेकडे पाय करून निजू नये असे आपल्याकडे अजून म्हणतात. पण त्याच गावात पाच खोल्यांचे एक मोठे घर होते. त्याला लागून धान्याचे कोठार. त्या घराच्या अंगणात चार पाय असलेला, माणसाच्या धडासारखा घडवलेला मातीचा रांजण पुरलेला होता आणि त्यात सुमारे चाळीस वर्षांचा एक पुरुष बसवलेला होता. त्याचे पाय शाबूत होते. हा गावचा प्रमुख असावा. म्हणजे जात जन्माला येण्याच्या कितीतरी आधी, ज्याच्या दारात कोठार त्याचे पाय मरणानंतरही कोणी तोडीत नव्हते.

येथे मला अग्गञ्ञ सुत्त आठवते. दीघनिकायातले हे सुत्त भगवंतांनी वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मणकुळातल्या तरुणांना सांगितले, ज्यांना संघात आल्याबद्दल जातभाईंच्या शिव्या खाव्या लागत होत्या. त्यात जगाची उत्पत्ती आहे, पण ती कोणा ईश्वराने केलेली नाही, आणि माणसे कोणाच्या तोंडातून वा पायातून निघालेली नाहीत. पूर्वी साळी आपोआप उगवत असे, सकाळी कापली की संध्याकाळी पुन्हा तयार. मग एका आळशाने दोन वेळचे धान्य एकदम आणून ठेवले. दुसऱ्याने चार वेळचे. साठवण सुरू झाली आणि साळी पुन्हा उगवेनाशी झाली. मग बांध घातले गेले, शेते वाटली गेली, एकाने दुसऱ्याचे चोरले, दंड आला, आणि दंड करणाऱ्याला धान्याचा वाटा देऊन राजा निवडला गेला. ही गोष्ट अक्षरशः घडली असे मानायचे कारण नाही. परंतु फरक पाहा. इनामगावच्या शेतकऱ्याने शेताकडे पाहून विचारले, 'मेलेले लेकरू परत येईल का?' तथागतांनी त्याच शेताकडे, त्याच कोठाराकडे पाहून विचारले, 'माणूस माणसाला लुबाडू कसा लागला?' पहिल्या प्रश्नाला उत्तर म्हणून मातीची आई घडवावी लागते. दुसऱ्याला मूर्ती घडवून भागत नाही.

बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हाच क्रम सांगितला आहे. वीज, पाऊस, पूर यांचा उलगडा न झाल्याने आदिमानव जादूटोण्याकडे वळला, आणि धर्माची सुरुवात तेथून झाली. यात त्या माणसाची टवाळी मात्र कोठेही नाही.

खटाव तालुक्यातल्या एका घरात असाच वाद चालू असताना तिथल्या आजींनी मला विचारले, 'गुर्जी, मग म्या पन्नास वरसं काय नुस्त्या दगडालाच तेल घातलं व्हय? माझी चार लेकरं गेली, दोन जगली. कुणाच्या जिवावर जगली म्हनायची?' त्यांचा मुलगा हसला. मला हसू आले नाही. मी त्यांना म्हणालो, 'आजी, तुमच्या जिवावर जगली. रात्र रात्र तुम्ही जागलात, दगड नाही जागला.' त्या थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, 'जागले खरी.' त्यांचा मुलगा मग उठून चुलीपाशी गेला आणि त्याने चहा ठेवला. वाद मिटला असे नाही, पण तो दगडाविषयी राहिला नाही.

असे पाहा, की त्या आजींच्या तेल घालण्यात दोन गोष्टी मिसळलेल्या होत्या, माया आणि भीती. इनामगावच्या आईतही त्या दोन्ही होत्या. मडक्याशेजारी ठेवलेली पाण्याची वाटी ही माया. घोट्याखाली तोडलेले पाय ही भीती. आपल्याला या दोन्ही वेगळ्या करायच्या आहेत. हसून त्या वेगळ्या होत नाहीत, आणि नमस्कार करूनही होत नाहीत.

भीतीला मोकळे सोडले तर ती किती महाग पडते हे सातारा-सांगलीकरांना सांगायला नको. २५ जानेवारी २००५ ला वाईजवळ मांढरदेवच्या काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरीत तीनशेच्या आसपास माणसे गेली. जत-मिरजेकडे पोरीच्या केसात जट दिसली, की ती यल्लम्माला सोडायची, आणि अशा मुलींत कोणाच्या मुली अधिक होत्या हे आपल्याला ठाऊक आहे. देवदासी प्रथेविरुद्ध कर्नाटकात १९८२ साली आणि महाराष्ट्रात २००५ साली कायदे करावे लागले. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी जादूटोणाविरोधी कायद्यासाठी आयुष्य वेचले आणि २०१३ साली त्यांचा खून झाल्यावरच तो कायदा झाला. मातीची बिनडोक्याची आई कोणाची पोर मागत नव्हती. निदान तशी खूण नाही. देवी पोर मागू लागली ती मध्ये बसलेल्या माणसांमुळे.

आणखी एक गोष्ट इनामगावने शिकवावी अशी आहे, आणि माण, खटाव, जत, आटपाडीच्या लोकांना ती चटकन कळेल. त्या लोकांनी देवी जमिनीत ठेवली, पण पुराचे पाणी वळवायला कालवाही खणला आणि बांधही घातला. दोन्ही कामे त्याच हातांनी केली. पुढे इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास पाऊस ओढ देऊ लागला, असे ढवळीकरांचे म्हणणे आहे. मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती घटली, शिकार आणि गुरे वाढली, आणि इ.स.पू. ७०० च्या आसपास गाव ओस पडले. देवी होती, रांजण होता, तरी पाऊस आला नाही. १९७२ च्या दुष्काळात आमच्या वडीलधाऱ्यांनीही गावोगावच्या देवांना पाण्यात बुडवून ठेवलेले पाहिले आणि खडी फोडायला रोजगार हमीच्या कामावर त्यांना जावे लागले. आज टेंभू-म्हैसाळचे पाणी कोणत्या शिवारात जायचे आणि कोणत्या नाही, हे ग्रामसभेत आणि मोर्चात ठरते. कालवा खणणारे ते पूर्वज मला जास्त जवळचे वाटतात.

प्रतीके मुळातच वाईट असे मात्र मी म्हणणार नाही. ज्या पिंपळाला आपण बोधिवृक्ष म्हणून वंदन करतो त्याची पाने हडप्पाच्या मडक्यांवर बुद्धापूर्वी दीड-दोन हजार वर्षे रंगवलेली आहेत. चाक तर धम्माच्या आधी गाडीला होते. कराडजवळ आगाशिवच्या डोंगरात आपल्या भिक्खूंची लेणी आहेत, तेथे दगडात कोरलेले चक्र पाहायला मुलांना जरूर न्या. त्या चक्राकडे कोणी पाऊस मागत नाही आणि ते कोणाचा बकराही मागत नाही, एवढे त्यांना दाखवले तरी पुरे.

घरात नवे बाळ आले असेल, तर पाचव्या रात्री काय करावे असे पुष्कळ भगिनी विचारतात. दिवा जळू द्या, बाळ-बाळंतिणीला उजेड लागतोच. सासूबाईंना जवळ बसवून घ्या आणि त्यांची किती लेकरे कशाने गेली ते त्यांना सांगू द्या. ते ऐकायला आजवर कोणी बसलेले नसते. आरोग्य केंद्राचे लसीचे कार्ड काढून पुढची तारीख पाहून ठेवा. लेखणी आणि कोरी वही हवी तर ठेवा, पुढे बाळालाच लागेल. वरवंटा धुऊन पाट्यावर ठेवा, सकाळी वाटण वाटायचे आहे.